गाठी बराबर होत्या

—अन् ते लाल दोरे आधी काढून टाका, बाबूसिंग. मोजत नका बसू. वायरींना कोणी दोरे बांधतं का, तुमीच सांगा — ड्रायव्हर लोकांचे चाळे, दुसरं काय. नवी फिरकी आणली ना? करंटच्या डबीत मधोमध फिरते ती? मग ती बसवा, ठिणगी पाडणारी नवी क्वाइल बसवा, अन् जुनी क्वाइल काढून माझ्या हातात द्या, म्हणजे झालं. एवढ्याच कामासाठी तुमाला नांदेडहून बोलावलं — वसमतपर्यंत रेल्वे अन् पुढं बैलगाडी, हाडं खिळखिळी झाली असतील, व्हय ना? बसा, घोटभर चहा घ्या अगोदर. न्हाई? बरं, कामानंतर. मी दहा ठिकाणी विचारून तुमाला बोलावलंय. सगळे म्हणले, हे सरदारजी बोलत न्हाईत, पण बोलले तर खोटं बोलत न्हाईत. असाच माणूस पायजे होता मला.

कसं आहे, काम इंजिनाचं कमी अन् तोंडाचं जास्त आहे. आत माजघरात एक बाई बसली आहे — कमरजहाँ. माझा ड्रायव्हर दस्तगीर, त्याची बायको. म्हणजे बायको होती — आता तो न्हाई. भादव्यात गेला. गेला म्हणजे मारला. तुमच्यापासून काय लपवू, या लारीपाशीच मारला, तुमी उभे आहात ना, तिथंच — न्हाई न्हाई, सरकू नका, जागा चारदा सारवून घेतलीये. ती इतके दिवस माहेरी होती, कुरुंद्याला, लेकीला घेऊन. आज आली. माझ्या मंडळीनं निरोप धाडून बोलावली, मला न विचारता. तिला काही नको, म्हणते. भांडी नको, कपडे नको. एकच विचारून राहिली — त्या दिवशी लारीला काय झालं होतं? एवढं सांगा, मी उठते. मी सांगितलं, क्वाइल जळाली होती. पण मी सांगितलं तर ते शेठचं सांगणं. कारागिरानं सांगितलं तर ते लोखंडाचं सांगणं. तुमी फक्त त्या दारात उभं राहायचं, जुनी क्वाइल दाखवायची अन् म्हणायचं — बाई, ही जळाली होती, यात कोणाचा दोष न्हाई. बस. बाईच्या जिवाला शांती. दोन बोलांत होणारं पुण्य आहे, सरदारजी, अन् पुण्याला कोणी न्हाई म्हणत न्हाई.

मी तर कशालाच न्हाई म्हणत न्हाई. हा माझा धंद्याचा कायदा. शाळेचं तोंड मी पाह्यलं न्हाई. एका बैलाच्या पाठीवर मीठ घालून खेडी फिरलो, तिथून हे दुकान, हे हळदीचं गोदाम, ही लारी. कशाच्या जोरावर? गिऱ्हाईकाला न्हाई म्हणायचं न्हाई, याच्या जोरावर. एकदा एक पाव्हणा आला, मीठ-गुळाच्या दुकानात, अन् म्हणतो, शेठ, घोड्याचं खोगीर आहे का? मी म्हणलं, आहे की, बसा, चहा घ्या. त्याचा चहा संपेपर्यंत पाटलाच्या तबेल्यातून जुनं खोगीर आणलं, तेल लावलं, विकलं! पाटीलबी खूश, पाव्हणाबी खूश. न्हाई म्हणलं की माणूस तुटतं. व्हय म्हणावं — मग पुढं जमलं तर जमलं, न्हाई जमलं तर माल आला न्हाई, गाडी चुकली, नदीला पूर आला. देवाच्या अंगावर ढकलावं. देव कुठं भांडायला येतो?

अन् दस्तगीर म्हणाल तर तो लारीबरोबरच आला — गाईबरोबर दावं यावं तसा. बारा वर्षांमागं एका कापूसवाल्याकडून जुनी लारी घेतली, हा तिच्यावर क्लीनर. त्यानं लारीला हात लावला अन् मला म्हणला, सेठ, मैं इसके साथ हूँ. झालं. पहिल्यांदा जवळा बाजारला लारी घेऊन गेलो तेव्हाची गंमत सांगतो — थंडीचे दिवस, सगळा बाजार भोवती जमला, अन् एक म्हातारा इंजिनाचं हे बॉनेट ऊबदार लागतं म्हणून वर जाऊन बसला. उतरंनाच! म्हणतो, मी काय हिच्या आत बसलो का भाडं द्यायला, मी बाहेर बसलोय. दस्तगीरनं त्याला तसाच अर्ध्या वाटेपर्यंत आणला, बैलाच्या चालीनं, अन् म्हातारा वरून सगळ्यांना रामराम घालत! असा माणूस होता. त्याला राग म्हणून यायचा न्हाई—

काय करून राहिले तुमी? जुन्या क्वाइलची वायर बॉडीला कशाला लावून राहिले? मी म्हणलं ना, ती जळाली आहे — तपासायची काय गरज—

...

हं. निळी ठिणगी पडली. दिसली मला. डोळे आहेत मला.

बरं, असं असंल की तेव्हा जळालेली अन् आता थंडीनं आवळून बराबर झाली. न्हाई होत? आमाला काय कळतं, आमी तागडीवाले. मग डबीत पाणी गेलं असंल, भादव्याचे दिवस. किंवा डबीतले पॉइंट, करंट तोडतात-जोडतात ते. पॉइंटच असतील — त्या दिवशी दस्तगीरनंबी तेच केलं होतं, पॉइंट घासले, एकदा न्हाई, तीनदा. सकाळची वेळ होती. मागं ताडपत्रीखाली कमरजहाँ अन् तिची लेक अजरा बसलेल्या, सहा वर्षांचं लेकरू, अन् हा बॉनेटात वाकलेला. हँडल मारायचा, लारी शिंकायची, धूर ओकायची, अन् थंड. पुन्हा मारायचा. तळहात सोलले होते त्याचे. म्हणला, सेठ, करंट है, पेट्रोल है, फिर काहून नहीं उठ रही? — हो, असाच बोलायचा, अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. मी त्याच्याजवळच उभा होतो. त्याचा पाना धरून. मी म्हणलं, देव जाणे रे बाबा.

तुमी पुन्हा त्या दोऱ्यांकडेच बघून राहिले. सांगतो, सांगतो, त्यात चोरी कशाची. दस्तगीरला अक्षर येत न्हवतं. सहा सिलिंडर, डबीतून सहा वायरी निघतात अन् सगळ्या या लोखंडी नळीत शिरतात — नळीत शिरल्यावर कोणती वायर कोणत्या सिलिंडरला जाते, ते ब्रह्मदेवालाबी सांगता यायचं न्हाई. तर त्यानं वायरींना दोरे बांधले. एका गाठीचा दोरा एक नंबरला, दोन गाठींचा दोन नंबरला, असं सहापर्यंत. अन् डबीवर त्या कोणत्या वळणानं लावायच्या? एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. झोपेतून उठवलं तरी म्हणायचा, जपासारखं. अन् दोरा साधा न्हाई. मोहरमच्या सवारीचा, नवसाचा लाल नाडा. दर सालाला नवा. आमच्या घरीबी बांधतो आमी तो नाडा मनगटाला — माझी मंडळी आजारातून उठली ती त्या नाड्यानं, गाव मानतं. यंदा सवारी उठलीच न्हाई, ती गोष्ट वेगळी. तर तो म्हणायचा, सेठ, कागज झूठ बोलेगा, ये गांठ नहीं बोलेगी.

अन् या वायरींनीच लारी वाचली, सरदारजी, दोनदा वाचली. तेबी ऐका. पावसाळ्याच्या तोंडाला बंदूकवाले आले, रझाकार. लारी निकालो. दिली असती तर परत आली असती का? दस्तगीरनं काय केलं होतं — ते येऊन राहिले असं कानावर आलं की डबीवरच्या वायरी फिरवून ठेवायच्या. एकाच्या जागी सहा, पाचाच्या जागी दोन, तिनाच्या जागी चार. बेरीज बघा — सात, सात, सात! मी व्यापारी माणूस, मला बेरजेनंच ध्यानात राहिलं. असं केलं की ठिणगी पडते पण अवेळी पडते. इंजिन खोकतं, उठत न्हाई. तो त्याला कुलूप म्हणायचा. त्यांनी हँडल मारमार मारलं, लारी उठली न्हाई. मग त्यांच्यातल्या एकानं याच्याच तोंडात बंदुकीचा दस्ता हाणला — आपला असून सेठची गाडी लपवतो म्हणून. दोन दात गेले. ते गेल्यावर रक्त थुंकला, गाठी मोजल्या, वायरी जागेवर लावल्या, अन् हसला. म्हणला, सेठ, कुलूप पक्का है. माझ्या लारीसाठी दात दिले त्यानं. मी काही विसरलो न्हाई. मी कोणाचं काही विसरत न्हाई.

मग भादव्यात हैदराबाद पडलं. वाशीमकडून पलटण आली, हिंगोलीत उतरली, बंदूकवाले रातोरात पळाले. अन् मग बाहेरगावचे लोक निघाले, जथ्थे करून — बंदूकवाल्यांचा राग काढायला. पण ज्यांच्यावर काढायचा ते तर पळालेले. मग जे घरी सापडले त्यांच्यावर. ज्यांनी काही केलं न्हवतं तेच घरी होते ना, सरदारजी. ज्यांनी केलं ते कशाला थांबतील?

आदल्या दिवशी दगडोबा आला. माझा तोलार, हळद तोलतो, गावातलाच. दारातच बसला, तंबाखू मळत. म्हणला, शेठ, उद्या ते आपल्या गावात येऊन राहिले. तुमच्या लारीतून कोणी गेलं तर लारी जळंल. अन् लारीच्या छपराच्या भिंतीला गोदामाची भिंत लागून आहे. एवढं बोलला अन् तंबाखू तोंडात टाकून निघून गेला. धमकी म्हणावं तर धमकी न्हाई, सांगितलं फक्त. गोदाम हळदीनं भरलेलं होतं. मला कळत होतं दस्तगीर मागायला येणार. माणूस ओळखणं हाच धंदा आहे माझा. तो सकाळी येणार अन् म्हणणार, सेठ, हिंगोलीपर्यंत लारी द्या, तिथं पलटण आहे, बायकापोरीला तिथं टेकवतो. अन् मी काय म्हणणार? त्याच्या तोंडाकडे बघून — त्या दोन दातांच्या जागेकडे बघून — न्हाई म्हणणार? मला न्हाई म्हणता येत न्हाई हो. उभ्या जन्मात म्हणलं न्हाई.

म्हणून व्हय म्हणलं. सकाळी आला तसा किल्ली हातात दिली. म्हणलं, घेऊन जा बाबा, लारी तुझीच आहे. त्याचे डोळे भरून आले. माझ्या पायाला हात लावला त्यानं.

तो कोणता ठिणगीचा पलग काढला तुमी? काहून? ...असं. एक नंबर सिलिंडरचा पलग काढून त्याची वायर ओढली, अन् डबीपाशी हलली ती सहा गाठींची. हुशार आहात. नळीतूनबी वायर बोलती करता. दस्तगीरलाबी हे सुचलं असतं — निवांत वेळ असता तर सुचलं असतं. पण त्याला काहून सुचावं? त्यानं बॉनेट उघडलं, पहिलं काम गाठी मोजल्या, मी बघत होतो — बोटानं, अशा — एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. गाठी बराबर होत्या. कुलूप उघडंच होतं त्याच्या हिशेबानं. मग त्यानं वायरींकडे पुन्हा बघितलंच न्हाई. क्वाइल बघितली, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी फुंकली. शेवटी फिरकी काढली, सदऱ्याला पुसून राहिला होता. तेव्हा जथ्थ्याचा आवाज आला वेशीवरून.

आता तुमी म्हणाल, शेठ, वायरी चुकीच्या अन् गाठी बराबर, हे कसं काय? वायर आपोआप फिरंल एक वेळ, नाडा आपोआप सुटून दुसऱ्या वायरीला जाईल का? ...न्हाई विचारलं तुमी, पण बघून राहिले ना. त्यापेक्षा विचारा. विचारलेलं बरं असतं.

आदल्या दिवशी दिवेलागणीला. मी. झालं? वायरी फिरवल्या, सात सात सात, अन् मग सहाही नाडे सोडले अन् या वायरीवरचा त्या वायरीवर बांधला. थोडासा वेळ लागला. मनगटावरचा नाडा सारखा मधे येत होता. पण ऐका, माझ्या मनात पाप न्हवतं — लारी उठणार न्हाई, तर तो थकंल, मग मी म्हणीन, बाबा रे, देवाची मर्जी, चल, गोदामात हळदीच्या पोत्यांमागं बस दोन दिवस. तसं ठरवलं होतं मी. अगदी शब्द जुळवून ठेवले होते. पण तो थकलाच न्हाई. मी वाट बघत होतो — आता थकंल, आता थकंल. अन् तो हँडल मारत राहिला. एवढा भरवसा होता त्याला लारीवर. मी तोंड उघडायला अन् वेशीवर आवाज व्हायला एकच गाठ पडली. मग मी — मग मी दुकानात गेलो. दार लावून घेतलं. बाकीचं मी पाह्यलं न्हाई. ऐकलं.

कमरजहाँ अन् लेकरू वाचले ते माझ्या मंडळीमुळं. मंजुळाबाई. ती कोणाला विचारायला गेली न्हाई, ताडपत्री उचलली, दोघींना ओढलं अन् गोदामात पोत्यांमागं नेऊन बसवलं — मी ज्या जागी बसवणार होतो, त्याच जागी. सांगा आता. तीन दिवस ठेवलं. कोणी लारी जाळली न्हाई, गोदाम जाळलं न्हाई. दगडोबा तर दुसऱ्या दिवशी कामावर आला, तोललं त्यानं. अन् दस्तगीरला मातीला मीच लावलं, दोन माणसं धरून. त्याची मूठ उघडंना. फिरकी मुठीत होती. तशीच गेली ती त्याच्याबरोबर, म्हणून तर तुमाला नवी आणायला सांगितली. तेव्हापासून मंजुळाबाई माझ्यापुढं ताट ठेवत न्हाई, सरकवते. अडीच महिने झाले, एक शब्द न्हाई. तिनं त्या संध्याकाळी मला लारीपाशी बघितलं का न बघितलं, देव जाणे. विचारायची छाती न्हाई माझी. मी बॉनेट उघडलं न्हाई त्यानंतर. नाडे काढून टाकावे म्हणून चारदा आलो अन् चारदा परत गेलो. सवारीचा नाडा आहे तो.

म्हणून म्हणलं, तुमी काढा. तुमचा धर्म वेगळा, तुमाला काही बाधणार न्हाई. अन् तिला सांगा क्वाइल जळाली होती. कोणाचं काय बिघडतंय? तो काही परत येत न्हाई. बाई उद्या उठून लोकांत म्हणाली, सेठनं केलं — तर या मुलखात माझ्याकडे कोण हळद आणून टाकंल? न्हाई, ते जाऊ द्या, हळदीचं जाऊ द्या. ती पोरगी, अजरा, मला बाबाजी म्हणायची. माझ्या मांडीवर बसून गूळ खायची. तिच्या कानावर हे जावं का? तुमीच सांगा, तुमालाबी लेकरं असतील. लेकरासाठी तरी—

नाडे कापून राहिले, गाठी न सोडता? कापा, कापा, देव तुमचं भलं करो. पण चुलीत टाका म्हणलं, खिशात काहून ठेवून राहिले? अन् ते काय बघता, गाठीत बघण्यासारखं काय आहे? व्हय, बारीक गाठी तिच्याच आहेत, कमरजहाँच्या. दर सालाला तीच बांधून द्यायची, मोहरीच्या दाण्याएवढ्या, तिच्यासारख्या गाठी कोणाला... ही? ही तर नुसती वायरीला बांधलेली गाठ. पोत्याचं तोंड आवळतो तशी, एक फेरा उलटा घेऊन. माझा हातच तसा पडला आहे, चाळीस वर्षं पोती बांधून. दस्तगीरनं गाठी किती ते मोजलं. गाठ कोणाची ते बघितलं न्हाई. पण तिनं हातात घेतली तर — द्या इकडं. बाबूसिंग, द्या त्या माझ्याकडे. मी टाकतो चुलीत.

हँडल कशाला घेतलं? अहो, नवी फिरकी तेवढी बसवली, क्वाइल तर बदलली न्हाई अजून — जुनीच आहे आत! वायरी फिरवल्या का तुमी? कधी फिरवल्या, मी बोलत होतो तेव्हा? थांबा. आज नका चालू करू. आत ती बसली आहे, ऐकू जाईल तिला, ही अशी पहिल्याच झटक्यात उठली तर ती काय म्हणंल — जुन्या क्वाइलवर, अडीच महिने उभी असलेली — बाबूसिंग, हात जोडतो, हँडल ठेवा खाली, अर्धा फेरादेखील—

...

बंद करा!

बंद करा हो ती! ऐकू येऊन राहिलं का तुमाला? नुसतं दार धरून उभी आहे कमरजहाँ, बघा, मागं मंजुळाबाई — आत जा तुमी दोघी, भाभी, इथं धूर आहे, आत बसा, हे सरदारजी सांगतील तुमाला सगळं, क्वाइलचं — सांगा हो! तुमी खोटं बोलत न्हाईत म्हणून बोलावलं ना तुमाला! अहो, बोला ना! नाडे तिच्या हातात काहून देऊन राहिले? भाभी, ते तेलकट आहेत, हात खराब होतील, टाका ते — मंजुळा, घे तिच्या हातातून — भाभी, अशी बोटानं नका चाचपू, ती गाठ काय, पोत्याची गाठ आहे, गावात कोणालाबी येते, दगडोबाला येते, कोणालाबी—